२४ रंगांचा मिनी नेलपॉलिश सेट, दिवाळी ते मे वापरल्यानंतर: रंग एक नंबर, झाकणाने डोकं फिरवलं

मरून बाटलीचं झाकण काल हातात आलं. म्हणजे वरची काळी टोपी तेवढी निघाली अन् आतली आटेवाली पांढरी नळी काचेलाच चिकटून बसली, ब्रश आतमध्ये. घरी लग्नाची गडबड, नणंद हात पुढे करून बसलेली, "वहिनी, हे तं उघडूनच नाही राहिलं", अन् मी घरभर पक्कड शोधून राहिली. म्हणून आज सविस्तर लिहून राहिली, कारण या सेटचे रिव्ह्यू वाचले तर सगळे पार्सल फोडल्या दिवशीचे आहेत, कलर मस्त, पाच स्टार, संपला विषय. सेट तोच, चौकोनी बाटल्या, काळी झाकणं, लांबट पुठ्ठ्याचा बॉक्स. कंपनीचं नाव नाही लिहीत, ज्यांच्याकडे आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल.

मला दिवाळीच्या सेलमध्ये ३६० ला पडला, म्हणजे बाटली १५ रुपयाची. आमच्या आठवडी बाजारात सुटी बाटली याहून महाग मिळते अन् तिच्यावर बऱ्याचदा ना पत्ता ना तारीख. कॉस्मेटिक्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कधीपर्यंत वापरायचं हे छापलेलं पाहिजे. या सेटवर होतं, म्हणून घेतला. मोठी बाटली घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही. एकच रंग कोण संपवते? अर्धी वापरून होते तोवर वाळते, पैसे पाण्यात.

मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. येणाऱ्या बाया माप देताना माझ्या हातांकडे पाहतात, त्यामुळे नखं चांगली ठेवायची सवयच लागली, अन् रंग जमवायचा नाद तर मला शाळेपासून आहे. नवीन बाटली आली की पहिलं काम म्हणजे एका पांढऱ्या बटणावर तो रंग लावायचा, वाळला की दोरा ओवून बटण त्याच बाटलीच्या मानेला बांधायचं. बाटलीत दिसतो तो रंग अन् नखावर येतो तो रंग यात लय फरक असते, बटणावर खरा कळते. शिवाय ब्लाऊजपीस आला की बटण त्याच्यावर ठेवून पाहता येते. आता गिऱ्हाईकंच विचारतात, ताई या काठाशी कोणतं बटण जाईल, अन् जाताना नखं रंगवून जातात.

रंगांबद्दल मनापासून सांगते, या किमतीत असे रंग मी पाहिले नव्हते. मरून, बॉटल ग्रीन अन् कॉफी ब्राऊन एका हातातच, म्हणजे एका थरातच, भरून येतात, दुसरा हात फक्त चमकीसाठी. कॉफी ब्राऊन तर आपल्या सावळ्या हातावर असा खुलते की मी सगळ्यात जास्त तोच लावला. मिंट अन् लव्हेंडर मात्र तीन हात दिल्याशिवाय सारखे बसत नाहीत, ब्रशच्या रेघा दिसतात. त्यात हळद! पहिल्यांदा मिंट लावून वरणाला फोडणी दिली, भाजीत हात घातला, संध्याकाळी नखांच्या कडा पिवळट. हलक्या रंगावर हळद चढते अन् साबणाने जात नाही. म्हणून हलके रंग सणावाराला, स्वयंपाक उरकल्यावर. लाल अन् मरूनखाली बेस कोट (रंगाआधी लावायचा पारदर्शक थर) लावाच, नाहीतर काढल्यावर नखं पिवळी दिसतात. ग्लिटर काढायला रिमूव्हरचा बोळा नखावर ठेवायचा अन् वरून फॉइल गुंडाळून थोडा वेळ बसायचं, घासत बसू नका, नखाचा वरचा थर निघते. टिकण्याचं म्हणाल तर कापूस वेचायला गेलं की काहीच टिकत नाही, बोंडाची टोकं नखाच्या कडेलाच लागतात, तिथूनच टवका उडते. तो दोष मी सेटला देणार नाही.

आता झाकण. हिवाळ्यात काही जाणवलं नाही. होळीनंतर एकेक बाटली घट्ट होत गेली अन् मे महिन्यात तर, पारा ४५ च्या वर, ब्रश काढला की गुळाच्या पाकासारखी तार. नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे वाळल्यावर पापुद्रा धरणारा पदार्थ, ते इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट असल्या द्रवांत विरघळवलेलं. ते द्रव उडाले की रंग नखावर वाळते, अन् झाकण नीट बसलं नाही तर तेच द्रव बाटलीतूनही उडतात. झाकण काऊन बसत नाही ते मी नीट पाहिलं. बाटलीचं तोंड इतकं अरुंद आहे की ब्रश पुसताना रंग काठावर राहतेच. तो आट्यांवर उतरते अन् वाळून त्याचा पापुद्रा होते. पुढच्या वेळी झाकण त्या पापुद्र्यावर बसते, वाटते घट्ट लावलं, पण बारीक फट राहते. कधी उलटं होते, ओला रंग वाळताना झाकण काचेला धरून बसते, जोर लावला की टोपी हातात.

अन् याच्यावर कडी म्हणजे त्यांचा बॉक्स! बॉक्समध्ये बाटल्या आडव्या ठेवायच्या खाचा केल्या आहेत. आडव्या बाटलीतला रंग चोवीस तास मानेत येऊन बसते. नेलपॉलिश उभीच ठेवायची असते हे विकणाऱ्याला माहीत नसावं? फोटोत छान दिसते म्हणून असा बॉक्स केला अन् भोगायचं आपण. मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे.

कस्टमर केअरला फोटो पाठवले. उत्तर आलं, सात दिवसांची मुदत संपली. बॉक्सच चुकीचा आहे म्हटलं तर म्हणे, तुमच्या पिनकोडला रिटर्न पिकअप नाही अन् माल ज्वलनशील आहे. ज्वलनशील आहे हे खरंच आहे, चुलीजवळ, गॅसजवळ, उदबत्ती पेटलेली असताना लावू नका. पण देताना पिनकोड चालते अन् परत घ्यायला चालत नाही? शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे १२० रुपये परत आले. प्रश्न पैशाचा नाहीच असं मी म्हणणार नाही, पैशाचाही आहे.

इथपर्यंत लिहून मी दोन स्टार देणार होती. पण मधल्या वेळात नेलपॉलिश थिनर आणलं अन् मत बदललं. घट्ट झालेल्या बाटलीत दोन-तीन थेंब टाकले, बाटली दोन्ही तळव्यांत धरून फिरवली (जोरात हलवली की फुगे येतात) अन् रंग पुन्हा पहिल्यासारखा सरकायला लागला. बॉटल ग्रीन तर मी टाकून द्यायला काढली होती, ती आज माझ्या नखांवर आहे. फक्त थिनर तेच घ्या, रिमूव्हर ओतू नका, त्याने रंगाचा पोत बिघडते अन् चमक जाते. हार्डवेअरचं पेंटवालं थिनर तर नकोच. मानेवरचा पापुद्रा थिनरमध्ये भिजवलेल्या कानाच्या काडीने पुसला तर अख्खा कड्यासारखा निघून येते, अन् मग झाकण बसताना हाताला कळते की आता खरं बसलं. दर वेळी लावून झालं की मान पुसायची, मगच झाकण. उन्हाळ्यात कूलरसमोर किंवा फॅनखाली लावू नका, वरचा थर आधी वाळते अन् आत फुगे राहतात.

बॉक्स मी फेकला. बाटल्या आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या, आतल्या खोलीतल्या आलमारीत, बटणं वर लोंबत असल्याने रंग लगेच सापडते. खिडकीत राहिलेली निऑन गुलाबी मात्र उन्हाने फिकी पडली, तिला थिनर काही करू शकत नाही.

तर रंगांना पाच, झाकणाला एक, बॉक्सला शून्य, सर्व्हिसबद्दल लिहून झालंच. थिनरचे पैसे धरूनही बाटली वीसच्या आत बसते, म्हणून ३६० पर्यंत मिळत असेल तर घ्या, पाचशेला अजिबात नाही. कुठे कॉफी ब्राऊन सुटी मिळत असेल तर सांगा, माझी तळाला आली.