फुलणारी बुटकी कोरफड: रोप झकास, कुंडीतली माती टाकाऊ

साताऱ्यातल्या नर्सऱ्यांमध्ये ४ इंची प्लास्टिकच्या कुंडीत ही बुटकी संकरित कोरफड मिळते. उंची वीतभरही नाही, पानांवर पांढरे खरखरीत ठिपके, पानांतून वर आलेला केशरी फुलांचा दांडा. रोपाला पाचपैकी चार. ज्या मातीत ते विकतात तिला एक, तोही कसाबसा.

घेताना दांडा असलेलंच घ्या. फुलं नसतील तर कोरफड म्हणून हॉवर्थिया हे तसंच दिसणारं दुसरं रोप गळ्यात पडतं. त्याची फुलं बारीक, पांढुरकी. कोरफडीची नळीसारखी, लोंबती. रंगीत खडे डिंकाने चिकटवलेली कुंडी नकोच, माती ओली की कोरडी ते कळतच नाही.

आत निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वजनाला हलकं, टेम्पोतून आणायला सोपं, म्हणून नर्सरीवाल्याच्या सोयीचं. पण इकडे पाऊस लागला की ते दिवसेंदिवस ओलं राहतं. उन्हाळ्यात खडखडीत वाळलं की उलटा त्रास: पाणी आत न मुरता कडेनं निघून जातं. म्हणून मृग लागायच्या आत कुंडी बदला. मुळांभोवती कधी कधी पातळ जाळी गुंडाळलेली असते, ती कात्रीने उभी कापून काढा, नाहीतर मुळं तिच्यातच आवळतात.

मिश्रण: चाळलेला मुरूम २ भाग, विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग. मुरमाची धूळ चाळून टाका, ती भोकं बुजवते. सांगलीकडची काळी माती मूठभरही नको, भिजली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. ६ इंची मातीची कुंडी पुरते. लावल्यावर ५ दिवस पाणी नाही, तुटलेली मुळं आधी सुकू द्या.

नंतर पाणी मिश्रण तळापर्यंत वाळल्यावरच: हिवाळ्यात साधारण १० दिवसांनी, उन्हाळ्यात ५-६ दिवसांनी. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत. खालची पानं लिबलिबीत होऊन हात लावताच सुटली तर मूळ कुजलंय. पानं पातळ पडून आत वळली तर तहान आहे. सावलीतून एकदम उन्हात ठेवलं की पानं तांबूस होतात. तो रोग नव्हे, पण आठवडाभर सकाळच्या उन्हाची सवय लावून मग पुढे सरकवा.

रोज ५-६ तास ऊन नसेल तर फूल विसरा. टीव्हीशेजारी ठेवून वर्षभर वाट बघणारे खूप आहेत. युरियानेही पानंच माजतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण: स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने पुसा. दांड्यावर फुलकोबीसारख्या गाठी आल्या तर ती कोळी नावाच्या सूक्ष्म किडीची (माइट) करामत. गाठींचा भाग कापून कचऱ्यात टाका, खतात नको, आणि चाकू शेजारच्या रोपाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा.

फुलं सुकल्यावर घायपातासारखं रोप मरत नाही. दांडा पूर्ण वाळू द्या, मग बुडाशी कापा.