गी की नो-गी? संध्याकाळच्या क्लासमधल्या नवशिक्यासाठी

ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर पकडी घालून खेळायच्या झुंजीचा क्लास ठरला की वेळापत्रकात दोन रकाने दिसतात, गी आणि नो-गी. गी म्हणजे ज्युदोत असतो तसा जॅकेट, पँट आणि पट्ट्याचा पोशाख, नो-गी म्हणजे तो न घालता. दोन्हीकडे जाता येत असेल तर प्रश्नच मिटला. पण कामावरून सुटून आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी हाताशी येत असतील, तर सुरुवातीला एकच धरलेलं बरं, असं मला वाटतं. मी पहिले पाच महिने नो-गी केलं आणि मग गीकडे वळलो. तेव्हा पुढचं सगळं तेवढं गृहीत धरून वाचा.

आधी नो-गीची बाजू, कारण ती लंगडी नाही. रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) आणि शॉर्ट्स बॅगेच्या कोपऱ्यात मावतात, रात्री धुतले की सकाळपर्यंत वाळतात. गी जाड विणीच्या सुती कापडाची. घामाने भिजली की ओल्या गोधडीसारखी जड होते, गरम पाण्यात धुतली तर आटते आणि एका रात्रीत वाळेलच असं नाही. ओलसर गी तशीच घालून जाणं तर नकोच. गजकर्ण मॅटवरून पसरायला वेळ लागत नाही, आणि तुमच्या कॉलरचा वास जोडीदाराच्या थेट नाकाशी असतो. लागोपाठ दोन दिवस क्लास असेल तर दुसरी गी घ्यावीच लागते. शिवाय बोटं. कॉलर आणि बाही आवळून धरायची सवय लागली की दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोटांचे सांधे कुरकुरतात. या सगळ्यात नो-गी सरळ जिंकतं, वाद नाही.

मग मी ते का सोडलं? निसटण्यामुळे.

पहिली दोन रोलिंग, म्हणजे सरावाच्या लढती, ठीक जायची. अंग कोरडं असायचं, शिकवलेलं थोडंफार जमायचं. तिसऱ्यापासून सगळे घामाने निथळलेले. मोठ्या कष्टाने साइड कंट्रोलपर्यंत (बाजूने समोरच्याच्या छातीवर आडवं दाबून धरण्यापर्यंत) पोचावं, आणि समोरच्याने एक हिसडा द्यावा की तो मोकळा. माझी कंबर वर राहिली होती, कोपर चुकीच्या जागी होतं, की नुसता घाम? कळायला मार्ग नाही. कोचला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘थोडं थोडं सगळंच.’’ खरंच असेल, पण त्यातून दुरुस्त काय करायचं?

याची दुसरी बाजू जास्त फसवी होती. मीही असाच निसटायचो, आणि मला वाटायचं, सुटका शिकलो! उसनी गी घालून पहिल्यांदा गीच्या क्लासला गेलो तेव्हा माझ्याहून बराच हलका एक जण माझी एक बाही आणि कॉलर धरून वर बसला, आणि माझ्या पाच महिन्यांच्या सुटका कुठे गेल्या कोण जाणे. हिसडे देऊन दमलो आणि टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. घरी जाताना चिडलो होतो, पण नेमकं काय चुकलं ते पहिल्यांदाच ठाऊक होतं. कोपर बरगड्यांपासून सुटलं होतं, हात तिथूनच अडकला.

गीत पकड टिकते म्हणून खेळ मंदावतो. दिवसभर काम करून थकलेल्या डोक्याला विचार करायला दोन श्वास मिळतात. हा माझा अनुभव. विशीतल्या, आधी कुस्ती केलेल्या माणसाला हाच संथपणा कंटाळवाणा वाटेल, आणि त्याने नो-गीत जावं. एमएमए (ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणारी मिश्र झुंज) हे ध्येय असेल तरीही तेच. तिथे कॉलर धरायला मिळत नाही, आणि गीतल्या पकडींवर विसंबायची सवय मग मोडावी लागते.

नो-गी घेणार असाल तर पायाच्या लॉकबद्दल, म्हणजे पायाचा सांधा अडकवून हार मानायला लावणाऱ्या पकडींबद्दल, पहिल्याच दिवशी विचारा. आयबीजेजेएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत गीमध्ये हील हुक (टाच धरून पाय पिळायचा लॉक) कोणत्याच पट्ट्याला, म्हणजे दर्जाला, चालत नाही. नो-गीत 2021पासून तो चालतो, पण फक्त प्रौढ गटातल्या तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना. मात्र प्रत्येक क्लास हे नियम पाळतोच असं नाही, आणि नो-गीच्या मॅटवर पायाशी खेळणारे जास्त भेटतात. हील हुकमध्ये दुखायला लागेपर्यंत गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होऊन गेलेली असू शकते, त्यामुळे ‘दुखलं की टॅप करेन’ हा हिशेब तिथे चालत नाही.

इतिहासाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की गी हेच मूळ. ज्याच्या शिकवणीतून तिथे ही कला उभी राहिली तो जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914मध्ये ब्राझीलला पोचला तो ज्युदो घेऊन, म्हणजे जॅकेटसकट, हे खरं. पण नवशिक्याला त्यावरून काही ठरवायचं कारण नाही.

जमलं तर उसन्या गीवर दोन आठवडे काढा, दोन आठवडे नो-गीत, आणि रात्री आंघोळ करताना कोणत्या क्लासमधली चूक नेमकी आठवते ते बघा. गी ठरलीच तर पहिली घेताना धुतल्यावर आटेल हे धरून माप निवडा, आणि बाहीच्या तोंडातून आत बोटं घालून पकडायची सवय लावून घेऊ नका. स्पर्धेत ते नियमबाह्य आहेच, पण कापडाला पीळ बसला की बोटं आत अडकतात. माझं एक बोट अजून पूर्ण मिटत नाही.