कॅप्सूल एंडोस्कोपी (कॅमेरावाली गोळी गिळून आतडं बघायची टेस्ट), गंगापूर रोड : चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये कारण शेवटी थोडी तक्रार पण आहे. पण घरात कुणा म्हाताऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा पडत असेल तर हे वाचाच.

माझे सासरे, आम्ही सगळे अण्णा म्हणतो, वय ७८, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. दीड वर्षात तीनदा रक्त चढवलं. प्रत्येक वेळी सेम, आधी जिना चढताना दम लागायचा, चेहरा पांढराफटक, मग दोन-तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं आणि हिमोग्लोबिन बघावं तर ६ च्या आसपास. आधीच्या हॉस्पिटलात वरून दुर्बीण टाकली, खालून टाकली, दोन्ही नॉर्मल, मग काय, मूळव्याध असेल म्हणे, आयर्नच्या गोळ्या घ्या आणि घरी जा. आता आयर्नच्या गोळीनेही काळंच होतं ना, त्यामुळे रक्त जातंय का गोळीचा रंग आहे तेच कळेना. रोज सकाळी अण्णा बाथरूममधून बाहेर आले की सासूबाई विचारणार "आज कसं होतं हो?" आणि अण्णा चिडणार.

या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं तर पोटाला हातच लावला नाही, स्टेथोस्कोप छातीवर ठेवला. बराच वेळ. मी मनात म्हटलं अहो पोटाचे डॉक्टर ना तुम्ही. मग म्हणाले छातीत आवाज येतोय, आधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून आणा. एकोत निघालं काय तर हृदयातून बाहेर पडणारा मेन व्हॉल्व, एऑर्टिक, कॅल्शियम साठून खूप अरुंद झालाय. अण्णांचा दम आम्ही इतके दिवस नुसत्या रक्ताच्या कमतरतेवर ढकलत होतो.

मग त्यांनी जे समजावलं त्यासाठीच अर्धे स्टार आहेत. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, डांबरासारखं काळं म्हणजे ते वरच्या बाजूला कुठेतरी सांडून आतड्यातून पचत पचत आलेलं. वरची दुर्बीण जठराच्या थोडी पुढे जाते, खालची मोठं आतडं बघते, मधलं सहा-एक मीटर लहान आतडं कुणी बघितलेलंच नाही. आणि म्हाताऱ्या माणसांत फसवी कारणं बरीच असतात म्हणे. जठरात अस्तराच्या अगदी खाली एखादी जाड धमनी असते, ती मध्येच भसकन वाहते आणि थांबते, दुर्बीण टाकली त्या दिवशी काहीच दिसत नाही (द्यूलाफॉय नाव आहे). कुणाच्या जठरात कलिंगडाच्या सालीसारखे लाल पट्टे असतात, त्याला खरंच वॉटरमेलन स्टमक म्हणतात. कुणाला हर्नियाच्या घडीत जखमा, कुणाला गुडघ्याच्या पेनकिलरने लहान आतड्यात अल्सर, कधी आतड्यात गाठ. पण अण्णांच्या बाबतीत व्हॉल्वमुळे त्यांचा संशय एकाच गोष्टीवर, हाइड सिंड्रोम. एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५८ मध्ये एका मेडिकल जर्नलला छोटं पत्र लिहिलं होतं की अरुंद व्हॉल्ववाल्या पेशंटना पोटातून रक्त जाताना दिसतंय, कारण कळत नाही. कारण नीट कळायला पुढची तीस-चाळीस वर्षं गेली.

दिराची पिंपळगावला द्राक्षबाग आहे हे बोलण्यात आलं तर डॉक्टर लगेच म्हणाले, फवारणीचं नोझल बारीक केलं की पाणी कसं जोरात सुटतं, तसं अरुंद व्हॉल्वमधून रक्त सुटतं. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रोटीन असतं, लांबच लांब साखळीसारखं, ते त्या माऱ्यात ताणलं जाऊन तुटतं. आतड्यात वयामुळे फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या काही जणांना असतात, एरवी थोडं गळून थांबतं, इथे थांबत नाही. मिस्टर इंजिनिअर आहेत, त्यांना एकदम पटलं.

आता टेस्ट. काही दिवस आधी आयर्न बंद, आदल्या दिवशी लिक्विड आणि रात्री ते पोट साफ करायचं पावडरचं पाणी (हा सगळ्यात वाईट भाग, अण्णांनी घरात सगळ्यांना शिव्या घातल्या). सकाळी उपाशीपोटी मोठ्या व्हिटॅमिनच्या गोळीएवढी कॅप्सूल, आत कॅमेरा आणि लाइट, पाण्याबरोबर गिळायची, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा. भूल नाही, दुखणं नाही. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं, बाकी दिवसभर फिरा. आम्ही सोमेश्वरला जाऊन आलो. हजारो फोटो निघतात. हे डोकं इस्राएलच्या गॅव्रिएल इद्दान या मिसाइलवर काम केलेल्या इंजिनिअरचं, अमेरिकेत २००१ ला मान्यता मिळाली. कॅप्सूल आपोआप बाहेर पडते, परत द्यायची नसते, अण्णांनी तीनदा विचारलं. मात्र ती पडल्याशिवाय एमआरआय करायचा नाही, आणि आतड्यात कुठे अडथळा असेल तर अडकू शकते, म्हणून जुनी ऑपरेशनं आधी सांगा. अजून एक, रक्त जाऊन गेल्यावर महिन्याने काही दिसेलच असं नाही, काळं दिसलं की लगेच यायचं हे त्यांनी आधीच बजावलं होतं, आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो.

लहान आतड्यात लाल ठिपके (त्याच फुगलेल्या रक्तवाहिन्या) चार ठिकाणी, एक ओला, म्हणजे रक्त गळणारा. नुसते ठिपके जाळून भागत नाही, व्हॉल्व बदलला नाही तर पुन्हा होत राहतं, असं स्पष्ट सांगितलं. व्हॉल्व मांडीतून तार घालून, टावी, दुसरीकडे बदलला, त्याचा रिव्ह्यू इथे नको. सात महिने झाले, रक्त चढवलेलं नाही, हिमोग्लोबिन मागच्या आठवड्यात ११.४.

आता कापलेला स्टार. रिपोर्टला नऊ दिवस लागले, फोन केला की काउंटरवरची मुलगी "उद्या" म्हणायची, आणि इकडे आमचा जीव टांगणीला. बिल ३४ हजार झालं, इन्शुरन्सवाल्यांनी ॲडमिट नव्हते म्हणून पैसे नाकारले, ते यांच्या हातात नाही पण आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा. आणि वेटिंगमध्ये पन्नास माणसांना टॉयलेट एक, पोटाच्या डॉक्टरकडे, काय बोलणार.