एसएमए असलेल्या तान्ह्या बाळाची भूल: वडोदऱ्यातला अनुभव

नातवाला एसएमए टाइप १, म्हणजे तान्हेपणीच स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार. पोटात थेट दूध द्यायची नळी बसवायची होती. धास्ती ऑपरेशनपेक्षा भुलेचीच जास्त. रावपुऱ्याजवळच्या एका हॉस्पिटलातल्या भूलतज्ज्ञ बाईंनी आदल्या दिवशी सुनेला बसवून समजावलं: सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध अजिबात नाही, त्यानं रक्तातलं पोटॅशियम एकदम चढून हृदय बंद पडू शकतं. स्नायू सैल करणारी बाकीची औषधंही अशा मुलांत फार वेळ टिकतात, म्हणून बेताचीच. आईचं दूध ४ तास आधी थांबवा. ऑपरेशननंतर घशातली श्वासाची नळी काढताच बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लावला, रात्रभर आयसीयूत ठेवलं. बोलणं निम्मं गुजराती, निम्मं मराठी, पण घाई नाही. बिलाच्या खिडकीवर मात्र उभं राहून चक्कर येते. आणि पार्किंग विसराच, रिक्षानं जा.