मुरमाड रानातल्या हरभऱ्याला डीएपी की सुपर?

पुरंदरच्या मुरमाड रानात यंदा हरभरा पेरायचाय आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घ्यावं की सिंगल सुपर फॉस्फेट यावर घोडं अडलंय, तर माझं मत आधीच सांगतो: अशा बरड जमिनीला सुपर.

आता हिशोब. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र (नायट्रोजन) आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. सुपरच्या तेवढ्याच पोत्यात स्फुरद अवघं ८ किलो, पण जोडीला साडेपाच किलो गंधक आणि भरपूर कॅल्शियम. एकरी १० किलो नत्र, २० किलो स्फुरद धरलं तर डीएपीचं एक पोतं भागवतं. सुपरची अडीच पोती लागतात, वर २२ किलो युरिया. वाहतूक, हमाली सगळं वाढतं. रान रस्त्यापासून लांब असेल तर हा त्रास खरा आहे.

तरीही सुपर, ते गंधकासाठी. शेणखत न मिळालेल्या हलक्या जमिनीत गंधक कमी पडतं. मग डाळीतलं प्रथिन नीट भरत नाही आणि हवेतलं नत्र धरणाऱ्या मुळांवरच्या गाठीही मंदावतात. माती परीक्षणात गंधक पुरेसं निघालं, तर डीएपी बिनधास्त वापरा. भुईमुगाला मात्र सुपरच, कारण आऱ्या (फुलापासून जमिनीत उतरणारे देठ) शेंग पोसताना कॅल्शियम थेट मातीतून घेतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या सॅव्हाना पट्ट्यात, उत्तर नायजेरिया-घानात, चवळी, भुईमूग, सोयाबीन अशाच निकस रेताड जमिनीत येतात. तिथेही पीक बहुतेकदा स्फुरदावाचून अडतं. नत्र हवेतून आणायचं काम गाठी करतात, पण त्या कामाला ताकद स्फुरदाची लागते. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने तर तिथल्या मातीतल्याच, गाठी करणाऱ्या जिवाणूंशी जुळणाऱ्या सोयाबीनच्या जाती काढल्या.

म्हणून खत कुठलंही घ्या, पण पेरणीवेळच्या त्या थोड्या नत्रापलीकडे वरून युरियाचा मारा करू नका. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरत नाही. गेल्या रब्बीत चुलत्यांच्या रानात पस्तीस दिवसांचं हिरवंगार, तजेलदार रोप खुरप्याने मातीसकट उचललं, बादलीत हलवून धुतलं. मुळावर जेमतेम तीन गाठी, नखाने फोडल्या तर आतून पांढुरक्या. युरिया न टाकलेल्या कडेच्या ओळीतलं रोप काढलं, तर गाठी आतून डाळिंबी, म्हणजे कामाच्या. चुलते बराच वेळ ती मुळं हातात धरून बसले होते.

पेरणी दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या) करा, खत बियाण्याच्या खाली-बाजूला पडू द्या. डीएपी बियाण्याला चिकटलं तर कोंब दगावतो, आणि रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) लावलेल्या बियाण्यात कुठलंही खत मिसळलं तर जिवाणू मरतात. दहा किलो बियाण्याला पाव किलो रायझोबियम पुरे. लावून सावलीत सुकवा. पाकिटावर हरभऱ्याचं नाव आणि मुदत वाचून घ्या. सोयाबीनचं उरलेलं पाकीट इथे चालत नाही.