बालपणीच्या जखमा आणि किशोरवयीन मूल: कोणती थेरपी निवडावी?

घरात तेरा ते अठराच्या मधलं मूल आहे. त्याचं बालपण धड गेलेलं नाही, आणि शाळेतल्या बाईंनी किंवा डॉक्टरांनी ‘थेरपी सुरू करा’ म्हणून सांगितलंय. शोधायला बसलात की टीएफ-सीबीटी, ईएमडीआर, डीबीटी, डीडीपी अशी अक्षरं अंगावर येतात आणि प्रत्येक वेबसाइट आपलीच पद्धत सर्वांत भारी म्हणून सांगते. मला विचाराल तर अक्षरांच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाला होणारा त्रास आज खरंच थांबलाय का? थेरपीत त्याच्यासोबत बसणारं मोठं माणूस कोण? आणि सध्या सर्वांत जास्त जीव कशाने टांगणीला लागलाय: वाईट स्वप्नं, हातावर ब्लेडने मारलेल्या रेघा, की घरात कुणावरच नसलेला विश्वास?

बालपण धड न जाणं म्हणजे काय, तर दारू पिऊन रोज मारणारा बाप, पहिली काही वर्षं संस्थेत गेलेली, जेवलास का हेही कुणी न विचारलेलं, नात्यातल्याच कुणाकडून झालेला अत्याचार. एकदाच झालेल्या अपघातापेक्षा हे प्रकरण वेगळं असतं. जखम रोजची असते आणि ती देणारा बहुतेकदा घरचाच असतो. बेसल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञांनी 2005 मध्ये यासाठी ‘डेव्हलपमेंटल ट्रॉमा’ असं वेगळं निदान सुचवलं. अमेरिकेच्या 2013 च्या निदानसूचीत त्याला जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या सूचीत ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ मात्र आहे (पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे रेंगाळणारा ताणाचा विकार). याचा तुमच्याशी संबंध एवढाच की फाइलवर डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) किंवा ‘वर्तनसमस्या’ लिहिलेलं असू शकतं आणि नातेवाईक ‘लाडावलाय, चार फटके द्या’ म्हणत असतात. लहानपणाचा इतिहास न विचारता फक्त आजच्या वागण्यावर बोलणारा थेरपिस्ट भेटला, तर दुसरा शोधा.

टीएफ-सीबीटी

म्हणजे ‘ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी’, आघातावर लक्ष ठेवून विचार आणि वागण्यावर काम करणारी पद्धत (आघातकेंद्रित सीबीटीतलीच एक). पुराव्याच्या बाजूने ही सर्वांत पुढे. अमेरिकेत जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी 3 ते 18 वयाच्या मुलांसाठी ती बांधली. साधारण 12 ते 16 सेशन्स लागतात, गुंतागुंत जास्त असेल तर 25 पर्यंत जातात. आधी शरीर शांत करायला आणि भावना ओळखायला शिकवतात. मग मूल घडलेलं हळूहळू मांडतं, आणि शेवटी ते विश्वासातल्या मोठ्या माणसासमोर वाचून दाखवतं. त्या मोठ्या माणसाची वेगळी सेशन्स सुरुवातीपासून समांतर चालू असतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? आत्याकडे राहणारा पंधरा वर्षांचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) लिहायला अजिबात तयार नव्हता. चार्टपेपरवर आडवी रेघ मारली, डावीकडे जन्म, उजवीकडे आज, आणि वर्षागणिक एक रंगीत ठिपका. सहा ते नऊच्या मध्ये सगळे ठिपके काळे, आणि एकाशेजारी फक्त ‘कपाट’. त्या शब्दामागची गोष्ट बाहेर यायला बरेच आठवडे गेले. वडील पिऊन आले की तो धाकट्या बहिणीला कपाटात बसवायचा आणि स्वतः बाहेर जागा राहायचा. एका रात्री त्याचा डोळा लागला आणि बहिणीला मार बसला. इतकी वर्षं तो हेच घेऊन फिरत होता: मी झोपलो म्हणून. टीएफ-सीबीटीचं खरं काम या एका वाक्यावर चालतं. त्याने ते आत्यासमोर वाचलं, तेव्हा ‘मला आधी का नाही सांगितलंस’ असं तिने म्हटलं नाही. तिच्या सेशन्समध्ये त्याचीच तयारी झाली होती. ती एवढंच म्हणाली, “अरे, सात वर्षांचा होतास तू.”

मर्यादाही इथेच आहे. असं माणूस नसेल, किंवा मारणारा अजून त्याच घरात असेल, तर घडलेलं सांगायला लावणं म्हणजे मुलाला उघडं पाडणं. रोजच्या जखमेत पहिला, शांत करण्याचा टप्पा जास्त लांबतो, कधीकधी निम्मी थेरपी त्यातच जाते. ‘दोन महिने झाले, अजून मुद्द्यावरच येत नाहीत’ म्हणून थेरपिस्ट बदलणारे पालक पाहिलेत. तो टप्पा हाच मुद्दा असतो.

ईएमडीआर

पूर्ण नाव ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’. फ्रान्सिन शापिरो यांनी 1989 मध्ये या पद्धतीवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. मूल त्रासदायक आठवण मनात आणतं आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडे नजर फिरवतं, किंवा स्वतःच्या खांद्यांवर आलटूनपालटून थोपटतं. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातकेंद्रित सीबीटीसोबत मुलांसाठी हिचीही शिफारस केली. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 मध्ये क्रम लावून दिला: 7 ते 17 वयात आधी आघातकेंद्रित सीबीटी, तिचा उपयोग झाला नाही किंवा मूल तिच्यात रमलं नाही तर ईएमडीआर. डोळे फिरवण्यानेच फरक पडतो की आठवणीला सावकाश सामोरं गेल्याने, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

किशोरवयीन मुलांना ही आवडते, कारण सगळं तोंडाने सांगावं लागत नाही. लाजेचा भाग मोठा असेल तर हे फार महत्त्वाचं. पण एका अपघाताची आठवण वेगळी आणि आठ वर्षांच्या हजार आठवणी वेगळ्या. तिथे तयारीचा टप्पा उरकून थेट बोटं हलवायला घेणारा माणूस नुकसान करू शकतो. ‘तीन सेशन्समध्ये बरं करतो’ असं फोनवरच सांगितलं तर तिथेच आभार मानून फोन ठेवा.

डीबीटी

म्हणजे ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, भावनेचे झटके सांभाळायला शिकवणारी. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरायचं बोलत असेल तर वरच्या दोन्ही पद्धती थांबू शकतात, ही नाही. मार्शा लिनेहान यांनी मोठ्यांसाठी बांधलेली पद्धत अॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी मुलांसाठी बदलून घेतली. तिच्यात पालक आणि मूल एकाच गटात बसून भावनेचा झटका कसा झेलायचा ते शिकतात. नॉर्वेतल्या 2014 च्या चाचणीत तिने नेहमीच्या उपचारांपेक्षा स्वतःला इजा करणं जास्त कमी झालं. जुनी जखम ही थेट भरत नाही, पण आधी मूल हातात राहायला हवं. आपल्याकडे अडचण अशी की वैयक्तिक सेशन, गट आणि अडचणीच्या वेळी फोन, असा पूर्ण कार्यक्रम फार थोड्या ठिकाणी मिळतो. ‘डीबीटी-आधारित’ लिहिलेलं असेल तर यातलं नेमकं काय देता, ते विचारा.

डीडीपी आणि नात्यावर काम करणाऱ्या पद्धती

दत्तक मूल, मामा-मावशीकडे वाढणारं मूल, आईने दुसरं लग्न केल्यावर नव्या घरात आलेलं मूल. इथे दुखणं आठवणींपेक्षा ‘हे लोक मला टिकू देतील का’ या प्रश्नाचं असतं. डॅन ह्यूज यांची डीडीपी (‘डायडिक डेव्हलपमेंटल सायकोथेरपी’) या घरांसाठी आहे. थेरपिस्ट, मूल आणि पालक एकाच खोलीत असतात, आणि पालकाला चौकशीऐवजी कुतूहलाने, उपदेशाऐवजी समजुतीने बोलायला शिकवलं जातं. पुरावा टीएफ-सीबीटीच्या तुलनेत बराच तोकडा आहे. तरी सोळा वर्षांचं मूल चार वर्षं एका छताखाली राहून तुम्हाला काहीच सांगत नसेल, तर मी सुरुवात इथून करेन. आठवणींचं काम नंतर करता येतं.

‘अॅटॅचमेंट’ (मूल आणि पालकांमधला भावनिक बंध) हा शब्द दिसला म्हणून मात्र भाळू नका. त्याच नावाखाली मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणारे प्रकार अमेरिकेत चालत. 2000 साली कोलोरॅडोत अशाच एका ‘पुनर्जन्म’ सेशनमध्ये दहा वर्षांची मुलगी गुदमरून मेली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने तो प्रकार बंद केला. ‘सुधारायला’ म्हणून दूरच्या शिस्तीच्या निवासी संस्थेत टाकणं मी याच पंक्तीत धरते. घरच्यांवर आधीच विश्वास नसलेल्या मुलाला त्यातून एकच निरोप जातो. गोळ्यांबद्दल थोडक्यात: अठराच्या आत फक्त पीटीएसडीसाठी औषध देऊ नये असं ‘नाइस’ सांगतं. झोप किंवा डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी दिलेली असतील तर ती स्वतःहून बंद करू नका.

मग ठरवायचं कसं

मारणारा घरात असेल तर आधी मुलाची जागा सुरक्षित करा. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. जिवाचा धोका दिसला तर आधी मनोविकारतज्ज्ञ, मग डीबीटी. वाईट स्वप्नं, दचकणं, स्वतःला दोष देणं पुढे असेल आणि सोबत बसणारं माणूस असेल तर टीएफ-सीबीटी. त्रास तोच, पण घडलेलं तोंडाने सांगायला मूल तयार नसेल तर ईएमडीआर. घरात कुणावरच विश्वास नसेल तर आधी डीडीपी. पद्धती बदलता येतात, एकीनंतर दुसरी घेता येते. फक्त एकाच वेळी दोन थेरपिस्ट, एक इकडचा नि एक तिकडचा, असं करू नका.

दहावी-बारावीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ‘बोर्ड होऊ दे, मग बघू’ म्हणून दोन वर्षं घालवू नका. शांत करण्याचा टप्पा कधीही सुरू करता येतो, त्याने अभ्यासही सुधारतो. घडलेलं मांडण्याचा टप्पा मात्र जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊ नये, एवढं थेरपिस्टशी आधीच बोलून ठेवा.

भारतात ‘काउन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते, ती मागा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत खर्च कमी, पण दर आठवड्याला एकाच माणसासोबत तासभर मिळणं कठीण. तिथे निदान आणि औषध, आणि सेशन्स बाहेर, अशी विभागणी बरेच जण करतात. गाव लांब असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नियमित थेरपीची जागा घेत नाही, पुढे कुठे जायचं ते सांगतो.

मुलाचा लैंगिक छळ झालेला असेल तर पहिल्या भेटीआधी एक गोष्ट माहीत असू द्या. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती गोष्ट कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही. मुलाने विश्वासाने सांगितल्यावर हे अचानक समोर आलं तर तो विश्वास तिथेच तुटतो. म्हणून चांगला थेरपिस्ट पहिल्याच सेशनमध्ये मुलाला तुमच्यासमोर सांगतो: कोणती गोष्ट आपल्या दोघांत राहील, कोणती आईबाबांना सांगावी लागेल, आणि कोणती पोलिसांना.