मान वळलेल्या कोंबडीसाठी ई जीवनसत्त्व-सेलेनियमचे पातळ औषध
आमच्या बुटक्या बँटम कोंबडीची मान पाठीकडे वळून चोच आभाळाकडे लागली, तेव्हा पशुवैद्यांनी ई आणि बी-१ जीवनसत्त्वांची कमतरता असावी असे सांगून हे औषध दिले. पाण्यात मिसळण्यापेक्षा ते चोचीच्या कडेने थेंबथेंब सोडणे बरे, कारण अशा पक्ष्याला धड पाणी पिताच येत नाही. बाराव्या दिवशी तिने स्वतः दाणा टिपला. बाटलीसोबतचा ड्रॉपर मात्र निरुपयोगी आहे. त्यावर खुणाच नाहीत आणि सेलेनियम जास्त झाल्यास विषारी ठरते, म्हणून मी सुई काढलेली १ मिलीची सिरिंज वापरली. मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगातही मान अशी वळू शकते, त्यामुळे तपासणी न करता हे औषध आणू नये. ज्यातले ई जीवनसत्त्व नष्ट होते ते खवट, जुने खाद्यही आम्ही त्याच दिवशी टाकून दिले.